दोन हलक्या क्रूझर

मयूर विहार, फेज १
५ नोव्हेंबर २०२४

ती. पद्माकरमामांस,
राघवचा सा. नमस्कार.

दिवाळीत मानेसरला यायचं राहिलं, त्याची आधी माफी मागतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मागच्या वेळी मला लिहिलेला निरोप तुम्ही नचिकेतच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात, तेव्हापासून कादंबरीवहिनीने पत्रच लिहायचं असं बजावलंय. उद्या नचिकेत मीटिंगसाठी गुडगावला, आमच्या ऑफिसजवळच येतोय. त्याच्याच हाती हे देतो.

एक काम आहे. आमची कंपनी काय करते ते तुम्हाला माहीत आहे: लोकांचा माल कुठे अडकलाय ते त्यांना कळवणारं सॉफ्टवेअर विकते. तिथे नवे साहेब आलेत, नीरज खुराना. ते परदेशात नेतृत्वाचा कोर्स करून आले. त्या कोर्सात त्यांना छोट्या जहाजांची लढाई खेळायला लावली होती. आता दर शुक्रवारी जेवणानंतर आमची कॉन्फरन्स रूम समुद्र होते. चार टेबलं जोडून वर निळं कापड, त्यावर बोटाएवढी धातूची जहाजं. कुठे जायचं ते आधी चिठ्ठीवर लिहायचं, सगळ्यांनी एकदम चिठ्ठ्या उघडायच्या, टेपने अंतर मोजायचं आणि फासे टाकायचे. गोळा लागला की नाही ते फासे ठरवतात. खेळायला मजा येते, ते कबूल करतो.

जहाजं हुद्द्याप्रमाणे मिळतात. डायरेक्टर लोकांना बॅटलशिप, सीनियर मॅनेजरना मोठ्या क्रूझर, आणि माझ्यासारख्या डेप्युटी मॅनेजरना दोन-दोन हलक्या क्रूझर. हलकी क्रूझर म्हणजे वेगाने पळणारं, पातळ पत्र्याचं जहाज. तिने पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं, मागच्या मोठ्या जहाजाला कळवायचं आणि तोवर मार खायचा. पहिल्याच शुक्रवारी खुराना सर म्हणाले, "लाइट क्रूझर म्हणजे मिडल मॅनेजमेंट." सगळे हसले. मीही हसलो.

आता अडचण. जहाजं कोरी येतात आणि ज्याची त्याने स्वतः रंगवायची असतात. एच.आर.चा मेल आलाय की त्यातून 'ओनरशिप' दिसते आणि ती अप्रेझलमध्ये धरली जाईल. मी स्टेशनरीच्या दुकानातून रंग आणून प्रयत्न केला. दोन्ही जहाजं बुरशी आलेल्या बर्फीसारखी दिसतायत. मयुरा म्हणाली, चौतीस वर्षं गोदीत जहाजं रंगवलेला माणूस घरात असताना तू यूट्यूब काय बघत बसलायस?

तर मामा, जहाज रंगवतात कसं? नमुन्याला एक क्रूझर सोबतच्या डब्यात ठेवली आहे.

तुमचा,
राघव


मानेसर
९ नोव्हेंबर २०२४

चि. राघव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुझ्या कंपनीने खरंच जहाज घेतलं. मग कादंबरीने डबा उघडून दाखवला.

जहाज उलटं करून पाहिलं तर खाली सपाट. पाण्याच्या रेषेपाशी कापलेलं. पोटच नाही. मी चौतीस वर्षं सुक्या गोदीत जहाजाच्या पोटाखाली उभा राहून तेवढाच भाग रंगवला. शिंपले खरवडायचे, हातोडीने गंज ठोकायचा, तांबडं अस्तर द्यायचं. त्या ठोकाठोकीतच कान गेले. जहाज पाण्यात उतरलं की माझं सगळं काम पाण्याखाली. लोक बंदरावर उभे राहून बघतात तो वरचा राखाडी रंग. तुमच्या खेळात माझा भागच ठेवलेला नाही. असो, वरचंही येतं मला.

तू काय चुकलास ते सांगतो. धातू धुतला नाहीस. त्यावर बोटाचं तेल असतं, रंग धरत नाही. अस्तर दिलं नाहीस. रंग दाट लावलास, त्यामुळे तोफा बुजल्या. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ द्यावेत, आणि प्रत्येक वाळू द्यावा. राखाडी वाळला की पाण्यासारखा पातळ काळा सोडायचा, तो खाचांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून पांढरट फिरवायचं, म्हणजे ऊन पडल्यासारखं दिसतं. राखाडी कुठला हे विचारू नकोस. आठवडाभर इथे आभाळाचा जो रंग आहे तोच. समोरची इमारत दिसत नाही. खोकला असला तरी रंग मात्र अचूक आहे.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुझ्याच्याने होणार नाही. दुसरीही पाठव. मला इथे काही काम नाही. नचिकेतच्या कारखान्यात गाड्यांना रंग रोबो लावतो. मी एकदा बघून आलो. चांगला लावतो, पण स्वतःचं काम बघायला मागे सरकत नाही.

मयुराला आशीर्वाद.
पद्माकरमामा


मयूर विहार
२३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस नमस्कार.

काय सांगू तुम्हाला! डबा उघडला तेव्हा मयुराने दोन्ही जहाजं ओट्यावर ठेवली आणि आम्ही चहा पिता पिता नुसते बघत बसलो. डेकवर सागवानी फळ्या, त्यांच्या मधल्या रेघा, पाण्यालगतचा तो सरळ काळा पट्टा. एवढ्याशा धुराड्याच्या तोंडाला काजळीसुद्धा.

शुक्रवारी टेबलावर ठेवली तर खुराना सरांनी भिंग मागवलं. सगळं ऑफिस जमा झालं. माझ्या शेजारची हेमांगी, म्हणजे आपल्या नागपूरची, अकरा माणसांची टीम सांभाळते, तिची क्रूझर निळ्या बॉलपेनची होती. ती म्हणाली, हे बघून माझीच बुडवावीशी वाटते. सरांनी कोणी रंगवली ते विचारलं. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बिल्कुल भेटायला हवं एकदा.

लढाईत मात्र दोन्ही तिसऱ्या फेरीतच बुडाल्या. पुढे जायची ऑर्डर होती. पण त्याचं कुणाला काही नाही, दिसत छान होत्या असं सगळे म्हणाले.

आता संकोच वाटतो, पण सरांनी त्यांची स्वतःची बॅटलशिप दिली आहे. ताफ्यातलं सर्वांत मोठं जहाज. आणखी सात जहाजं डायरेक्टरांची. त्यांनाही ओनरशिप दाखवायची आहे. नचिकेतला दोन डबे न्यावे लागतील. तुमच्या डोळ्यांना त्रास होत नसेल तर बघा. रंग, ब्रश, भिंगाचा दिवा, सगळं सोबत आहे.

राघव


मानेसर
२ डिसेंबर २०२४

चि. राघवास आशीर्वाद.

त्रास कसला. गॅलरीत टेबल टाकलंय, सकाळचं ऊन दहा ते एक मिळतं. कादंबरी म्हणते, बाबा, तुम्हाला आता तीन वेळा जेवायला बोलवावं लागतं. आधी मीच तिला दर अर्ध्या तासाने वेळ विचारायचो.

तुझ्या साहेबांनी माझी आठवण काढली हे वाचून बरं वाटलं. चौतीस वर्षांत मला कुठल्या साहेबाने भेटायला बोलावलं नाही. जहाजाच्या उद्घाटनाला बँड असायचा, नारळ असायचा, पाटीवर नावं असायची. रंगाऱ्याला आदल्या दिवशीच सुट्टी.

त्यांच्या बॅटलशिपला पाच हात दिलेत. डब्यात साहेबांसाठी एक चिठ्ठी ठेवली आहे, हिंदीत. तेवढी आठवणीने दे.

एक सांगतो, खेळाचं मला कळत नाही, पण गोदीत खलाशी बोलायचे ते ऐकलंय, तेव्हा कान होते. पातळ पत्र्याच्या जहाजाने मोठ्या तोफेसमोर सरळ जायचं नसतं. बघायचं, कळवायचं, धूर सोडायचा आणि वळायचं. वेग त्यासाठीच दिलेला असतो. तू दर वेळी सरळ का जातोस?

पद्माकरमामा


मयूर विहार
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. साहेबांनी तुमची चिठ्ठी वाचली, खूश झाले.

बातमी अशी की माझा हुद्दा बदलला. मी आता 'फ्लीट रेडिनेस लीड' आहे. माझ्या हातातलं प्रोजेक्ट काढून घेतलं. नोएडाच्या एका मुलाला दिलं. मी आता ताफ्याची डागडुजी बघतो, म्हणजे तुमच्याकडे डबे पाठवतो आणि आले की मांडतो. दोन मेट्रो बदलून, सव्वा तास उभा राहून मी एवढ्यासाठी ऑफिसला जातो, हे मयुराच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

मी सरळ का जातो विचारलंत. ऑर्डर तशी असते. नऊ शुक्रवारांत माझ्या क्रूझर नऊ वेळा बुडाल्या. आधी वाटायचं, खेळच आहे. पण डिसेंबरात खुराना सरांनी सपोर्टची एक टीम बंद केली आणि मेलमध्ये कारण लिहिलं की त्यांच्या कॅप्टनची जहाजं सतत बुडतात, म्हणजे टीममध्ये टिकून राहायची ताकद नाही. लोक हसले, मग कुणीच हसेना. आता शुक्रवारी जेवण कुणाला जात नाही. सीनियर मॅनेजर लोक फासे फुंकून टाकतात. एक जण बंगळुरूहून स्वतःचे फासे घेऊन आला, ते एच.आर.ने जमा केले.

आठ फेब्रुवारीला वर्षाची मोठी लढाई आहे, तुमच्या मानेसरलाच, एका रिसॉर्टमध्ये. सरांचा ताफा एका बाजूला, फायनान्सच्या गुप्ता मॅडमचा दुसऱ्या. त्यानंतर माणसं कमी करायची यादी लागणार म्हणतात. कार्यक्रम भरगच्च आहे, त्यामुळे त्या दिवशी घरी येता येणार नाही.

चौदा जहाजं पाठवतोय. गेल्या वेळच्या बॅटलशिपचा पुढचा रंग थोडा निघालाय, तेवढा बघाल.

राघव


मानेसर
४ फेब्रुवारी २०२५

चि. राघवास आशीर्वाद.

नचिकेत दौऱ्यावर गेलाय, म्हणून जहाजं काल तुमच्या ऑफिसच्या गाडीने पाठवली आणि हे पत्र टपालाने पाठवतोय.

मी ठरवलं आहे की शनिवारी रिसॉर्टवर येतो. घरापासून शेअर रिक्षाने वीस मिनिटं. साहेबांना एवढी भेटायची इच्छा आहे आणि ते माझ्या दारात येतायत, तर आपणच जाऊन नमस्कार करावा हे बरं. तुझं काम मोडणार नाही. पाच मिनिटं भेटेन, माझी जहाजं पाण्यावर, म्हणजे कापडावर, एकदा बघेन आणि परत येईन. कादंबरीने पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

मला कळव असं म्हणणार होतो, पण टपालाचा भरवसा नाही. येतोच.

मामा


मयूर विहार
१२ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं चार तारखेचं पत्र काल मिळालं. ते वेळेवर मिळालं असतं तर मी तुम्हाला काहीतरी कारण सांगून थांबवलं असतं, हेही आता लपवत नाही.

शनिवारी काय झालं ते तुम्ही घरी सांगितलेलं दिसत नाही. नचिकेत म्हणतो, तुम्ही नेहमीसारखे आहात. म्हणून सगळं मीच लिहितो.

नोव्हेंबरात सरांनी विचारलं, कोणी रंगवली. मी म्हणालो, मी. तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं. त्या क्षणी भिंग त्यांच्या हातात होतं आणि पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते. पुढच्या शुक्रवारी खरं सांगू म्हटलं, तर त्याच संध्याकाळी डायरेक्टरांच्या जहाजांचे डबे माझ्या टेबलावर आले होते. तुमची चिठ्ठी मी काढून ठेवली. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी ती वाचलीही नाही, भीती वाटली.

शनिवारी तुम्ही हॉलच्या दारात उभे राहिलात, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, तेव्हा मी पाणी पीत होतो. तुम्ही सरांना हात जोडून हिंदीत म्हणालात की मी राघवचा मामा, जहाजांसाठी तुम्ही बोलावलं होतंत. सर गोंधळले. तुमच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "शिप्स? वो तो राघव ने पेंट किए हैं." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला दोन शब्द बोलायचे होते आणि मी ग्लास धरून उभा राहिलो. आणि तुम्ही हसून म्हणालात, "हाँ साब. मैं तो इसका ब्रश धोता."

सर ग्रेट ग्रेट म्हणाले आणि तुम्हाला चहा घ्यायला सांगून आत गेले.

पुढचं तुम्ही दारातून बघितलंत, पण ऐकू आलं नसेल. चौथ्या फेरीत सरांची बॅटलशिप मॅडमच्या तोफांच्या टप्प्यात आली. त्यांनी मला आणि हेमांगीला हळूच सांगितलं की चारी हलक्या क्रूझर सरळ पुढे घाला, मॅडम तुमच्यावर गोळे खर्च करतील, तोवर मी निघतो. हेमांगी पेन धरून बसली होती. तिच्या अकरा माणसांची नावं तिला पाठ आहेत. मी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'धूर सोडणे, डावीकडे वळणे.' आणि ती तिला दाखवली. तिने बघितलं आणि तेच लिहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या. धुरासाठी कापसाचे बोळे ठेवतात. आमच्या चारी जहाजांपुढे कापूस पडला आणि आम्ही टेपने मोजून निघून गेलो. एवढ्या लढायांत पहिल्यांदा माझं जहाज शेवटपर्यंत टेबलावर होतं. सरांची बॅटलशिप एकटी राहिली. मॅडमने तीन टॉर्पेडो सोडले, दोन लागले. नियम असा की बुडालेलं जहाज मालकाने स्वतः उचलायचं. सरांनी उचललं.

ते म्हणाले, "राघव, ऑर्डर क्या था?"

मी म्हणालो, "सर, ही जहाजं मी रंगवलेली नाहीत. माझ्या मामांनी रंगवली. सगळीच. ते बाहेर चहाच्या टेबलाशी उभे आहेत." घाबरून मी मराठीतच बोललो. हेमांगीने ते हिंदीत सांगितलं.

मला वाटलं, आता ओरडतील. मामा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, याला म्हणतात ऑथेंटिसिटी, आणि सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. मी तुम्हाला शोधायला बाहेर आलो तर तुमचा कप रिकामा होता आणि तुम्ही गेला होतात.

माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो.

राघव


मानेसर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. राघव,

पत्र वाचलं. खोटं बोललास त्याचा राग नाही. गोदीत माझ्या रंगावर सुपरवायझरला बक्षीस मिळालेलं आहे, आणि मी पेढा खाल्लेला आहे. राग चिठ्ठीचा आला. तिच्यात फार काही नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की साहेब, रंग अजून कोवळा आहे, महिनाभर ओल्या फडक्याने पुसू नये. ती दिली असतीस तर बॅटलशिपचा पुढचा रंग निघाला नसता.

ब्रश धुतो म्हणालो ते मला आधी ठरवून सुचलं नाही. तुझं तोंड बघितलं आणि निघून गेलं. तुझी आई परीक्षेचा निकाल लागला की असंच तोंड करायची.

काल तुमच्या कंपनीचं पाकीट आलं. खुराना साहेबांची सही आहे. मला 'फ्लीट कन्सल्टंट' नेमायचं म्हणतात. कादंबरीने सगळं वाचून दाखवलं. तुझं काय मत ते कळव.

मामा


मयूर विहार
२ मार्च २०२५

ती. मामांस,

माझं मत विचारलंत, पण मी कळवायच्या आत तुम्ही सही करून पाठवली, असं नचिकेत म्हणाला.

गुरुवारी दुपारी मला मेल आला. माझी जागा बंद झाली. कारण लिहिलंय की मी स्वतःची मूळ जबाबदारी बाहेरून करून घेतली. ज्याच्याकडून करून घेतली त्याला त्यांनी त्याच आठवड्यात नेमलं, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. हेमांगीची अख्खी टीम गेली. डिसेंबरात ज्यांची जहाजं बुडाली ते टिकत नाहीत म्हणून काढले. आता जिची वाचली तिला काढलं, कारण जिची जहाजं लढाईतून धड परत येतात ती पुरेशी रिस्क घेत नाही. गुप्ता मॅडम जिंकल्या. त्यांची बदली झाली.

मी बॉक्समध्ये मग, चार्जर आणि तुळशीचं रोप घालून खाली उतरलो. सिक्युरिटीने बॉक्स तपासला, त्यात जहाज नाही ना बघायला.

मामा, हे सगळं मला झेपेल. पण माझ्या खुर्चीवर तुम्ही बसणार हे झेपत नाही. त्यांच्याकडे जाऊ नका असं सांगायचा मला हक्क नाही, ते कळतं. तरी वाटतं की तुम्ही जायला नको होतं.

राघव


मानेसर
९ मार्च २०२५

चि. राघव यास,

तुझी नोकरी गेल्याचं मला सही केल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर सही केली नसती, असं लिहायला बसलो होतो. मग म्हटलं, तू खरं लिहिलंस तर आपणही लिहावं. केली असती.

त्या पाकिटात एक कार्ड होतं, गळ्यात घालायचं. रिसॉर्टवर कुणीतरी काढलेला माझा फोटो आहे, आणि फोटोखाली माझं नाव छापलंय. पुढे 'रंग व देखभाल'. बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव आणि माझं काम एका ओळीत छापलेलं बघितलं. तू नोव्हेंबरात भिंगासमोर उभा होतास तेव्हा तुला जे वाटलं, तेच मला वाटलं. तू मोह आवरला नाहीस, मीही आवरला नाही. तुला वाईट वाटतंय ते बरोबरच आहे.

तुझी खुर्ची मी घेतली नाही. खिडकीशी स्टूल मागून घेतलं, तिथे उजेड चांगला आहे. कादंबरीने कानाचं नवं यंत्र आणून दिलंय, ऑफिसात जायचं म्हणून. त्यामुळे फोनही ऐकू येतो. तुला दोनदा केला.

मामा


मानेसर
२० एप्रिल २०२५

चि. राघव,

तू फोन उचलत नाहीस आणि पत्रालाही उत्तर नाही, म्हणून मयुराला विचारलं. ती म्हणाली की मुलाखती चालू आहेत आणि संध्याकाळी तू गच्चीवर जाऊन बसतोस. तेव्हा हे पत्र तिच्या नावाने पाठवतोय. ती तुला वाचायला लावेल.

मी शुक्रवारी नोकरी सोडली. कशी ते सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

सिंगापूरहून मोठ्या ऑफिसातल्या एक बाई आल्या होत्या. चेन्नईकडच्या, हिंदी बोलत होत्या, हळू आणि स्वच्छ. सकाळपासून कापड इस्त्री करून घातलं होतं. आता दोन्ही ताफे मिळून त्रेपन्न जहाजं झालीत, सगळी मी रंगवलेली. खुराना साहेब त्यांना एकेक दाखवत होते. मी खिडकीशी होतो. बाईंनी बॅटलशिप उचलली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, ही कुणी केली? साहेब म्हणाले, "मैंने. संडे को बैठ के. सब मैंने खुद पेंट किए हैं."

मला वाटलं, यंत्र नीट लागलं नाही. मग बाईंनी विचारलं की पाण्यालगतची ही काळी रेघ इतकी सरळ कशी येते? साहेब म्हणाले, मन स्थिर लागतं, सकाळी ध्यान करतो.

मी स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, "नहीं साब. टेप चिपकाने से आता. और रंगाया मैंने."

खोलीत पंधरा माणसं होती. साहेब हसले, म्हणाले आमचे पद्माकरजी फार मजेशीर आहेत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, कुठली टेप? मी सांगितली, किती वेळाने काढायची तेही सांगितलं, रंग ओला असताना काढली तरच कड स्वच्छ राहते. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेवढं झाल्यावर मी गळ्यातलं कार्ड काढलं, बॅटलशिपच्या शेजारी ठेवलं आणि खाली आलो. नचिकेतच्या कंपनीची मानेसरला जाणारी बस साडेपाचला सुटते, तोवर रस्त्याकडेला मोसंबीचा रस पीत उभा राहिलो. बरं वाटत होतं.

पुढे साहेबांचं काय झालं मला ठाऊक नाही. हेमांगीचा काल फोन आला होता, तिला सगळं आधीच कळलेलं होतं. तिला फरीदाबादला नोकरी मिळाली. ती म्हणते, खुराना साहेबांची बढती होणार, कारण त्यांच्या हाताखालची माणसं न घाबरता बोलतात असा बाईंनी शेरा दिलाय. असेल. तुमच्याकडे काय कशाने होतं, ते मला सहा महिन्यांत कळलं नाही.

मी घरी येऊन विचार केला. तू तसं सांगितल्याचं कळलं तेव्हा मी ब्रश धुतो म्हणालो, आणि हा माणूस तेच बोलला तेव्हा उठून उभा राहिलो. असं का? तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस, दुसरं काही कारण सापडत नाही. न्याय म्हणून ते बरोबर नसेल. तुझी खुर्ची गेल्यावरही मी तिथे सात आठवडे जात राहिलो, तेही बरोबर नव्हतं. दोन्ही एकदा तुझ्यापाशी बोलून टाकायचं आहे, आणि ते पत्रात जमत नाही.

आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांची घसरगुंडी आहे. गंजून तिच्या कडा धारदार झाल्यात, मागच्या आठवड्यात एका पोरीचा फ्रॉक फाटला. सेक्रेटरीला विचारून मी ती रंगवायला घेतली आहे. पिवळी करायची, मुलांना विचारलं. उंच आहे, शिडीवर मी एकटा चढलो तर कादंबरी खालून ओरडते, आणि आता ते ऐकू येतं. तुला रविवारी मुलाखत नसणार. सकाळच्या पहिल्या मेट्रोने निघ, पुढे बस मिळते. आधी दिवसभर नुसतं खरवडायचं आहे, रंगाला हात लावू देणार नाही. पॉलिश पेपर आणून ठेवलाय. जुने कपडे घालून ये, आणि मयुरालाही आण. जेवायला आमरस आहे.

मामा